लाल तारखा आणि आपली रजा

नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लागली की पहिली नजर लाल अक्षरांतील तारखांकडे जावी, आणि कोणती सुट्टी शनिवार-रविवारास जोडून आली व कोणती रविवारीच पडून वाया गेली, याचा हिशोब उभ्या-उभ्याच सुरू व्हावा, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. परंतु ज्या कुटुंबातील तीन-चार माणसे निरनिराळ्या ठिकाणी चाकरी करतात, ज्याची मुले शाळा-कॉलेजांत आहेत आणि ज्याचे निम्मे आप्त पुण्या-मुंबईकडे राहतात, त्या कुटुंबाने केवळ त्या लाल तारखांच्या भरवशावर वर्षाचा बेत आखला, तर ऐन सणाच्या आठवड्यात एकाची रजा नामंजूर, दुसऱ्याची परीक्षा आणि तिसऱ्याचे रेल्वेचे तिकीट प्रतीक्षायादीत, असा प्रसंग ओढवल्यावाचून राहत नाही. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातील जयेंद्रगंज आणि त्याच्या आसपासच्या जुन्या वस्तीत जी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, त्यांच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेषच खरी आहे. म्हणून येत्या २०२६ सालाकडे पाहता सुट्ट्या आणि रजा यांची तजवीज कशी करावी, याविषयी काही सविस्तर सांगावे असे वाटते.

एकाच घरात इतक्या प्रकारच्या सुट्ट्या नांदण्याचे कारण या शहराच्या इतिहासात आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली आणि तिचेच पुढे लश्कर शहर झाले. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत अस्तित्वात आला तेव्हा ग्वाल्हेर त्याची हिवाळी राजधानी ठरली. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत मध्यप्रदेशात विलीन होऊन राजधानीचा मान भोपाळास गेला, तरी महालेखापालांची कचेरी, महसूल मंडळ, परिवहन व आबकारी आयुक्तांची दप्तरे आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ ही ग्वाल्हेरासच राहिली. त्यामुळे सासरे केंद्र सरकारच्या कचेरीतून निवृत्त, मुलगा राज्य शासनाच्या नोकरीत, सून बँकेत, धाकटा वकिली व्यवसायात आणि नातवंडे शाळेत, असे घर येथे मुळीच दुर्मीळ नाही; आणि या प्रत्येकाची सुट्ट्यांची यादी निराळी असते, ही गोष्ट माहीत असूनही बेत आखताना ध्यानी घेतली जात नाही.

केंद्र सरकारच्या कचेऱ्यांस वर्षाकाठी सतरा सुट्ट्या मिळतात. त्यांपैकी चौदा देशभर समान असून उरलेल्या तीन, बारा सणांच्या एका यादीतून, दिल्लीबाहेरील कचेऱ्यांच्या बाबतीत तेथील कर्मचाऱ्यांची समन्वय समिती निवडते. गुढीपाडवा आणि गणेशचतुर्थी हे आपले दोन्ही मुख्य सण त्या बारांमध्ये आहेत, चौदांमध्ये नाहीत. आणि उत्तरेकडील कचेऱ्यांत होळी, रामनवमी व जन्माष्टमी यांकडे समितीचा कल असणे स्वाभाविक असल्यामुळे, महाराष्ट्रातील भावास जी सुट्टी न मागता मिळते ती ग्वाल्हेरातील भावास आपल्या खात्यातून काढावी लागते. राज्य शासनाची यादी भोपाळहून निघते, तिच्यासोबत ऐच्छिक अवकाशांची वेगळी यादी असते, आणि जिल्ह्यापुरते स्थानिक अवकाश कलेक्टर जाहीर करतात ते आणखी निराळे. बँकांच्या सुट्ट्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमान्वये जाहीर होतात, आणि १ सप्टेंबर २०१५ पासून त्यांस महिन्याचा दुसरा व चौथा शनिवार मोकळा असला तरी पहिला, तिसरा आणि पाचवा शनिवार कामाचाच आहे. न्यायालयांची दिनदर्शिका स्वतंत्र, शाळांची त्याहून स्वतंत्र. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे तीन राष्ट्रीय दिवस सोडले, तर घरातील सर्वांस एकाच वेळी निर्वेध मोकळ्या अशा तारखा किती थोड्या उरतात, हे कागदावर मांडल्यावाचून लक्षात येत नाही.

म्हणून पहिली सूचना अगदी साधी आहे. डिसेंबरात सर्व याद्या हाती आल्यावर एका मोठ्या कागदावर घरातील प्रत्येकाचा एकेक रकाना आखून बारा महिन्यांच्या सुट्ट्या त्यात भराव्यात, शाळेच्या परीक्षांच्या तारखा आणि मार्चअखेरचा हिशोबाचा काळ काट मारून वेगळा दाखवावा, आणि तो कागद स्वयंपाकघरात, जेथे सर्वांची ये-जा असते तेथे, लावावा. मोबाइलमध्ये ही सोय अधिक सुबक होते हे खरे; तथापि ज्या कागदावर आजी देवकार्याची तारीख आणि नात चाचणी परीक्षेची तारीख स्वतःच्या हाताने लिहू शकते, तो कागदच घराचा होतो, असे माझे मत आहे.

या कागदावर एक गोष्ट आवर्जून नोंदवावी लागते, ती म्हणजे आपल्या आणि शेजाऱ्यांच्या पंचांगांतील भेद. ग्वाल्हेरातील मराठी घरात १९७३ पासून निघणारे ‘कालनिर्णय’ असते आणि शेजारच्या घरात जबलपूरचे लाला रामस्वरूप यांचे पंचांग असते. एकात महिना अमावास्येस संपतो, दुसऱ्यात पौर्णिमेस. शुक्ल पक्षात दोघांचे एकमत असते, परंतु वद्य पक्ष आला की आपण ज्याला श्रावण वद्य अष्टमी म्हणतो तीच शेजाऱ्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी होते. जन्माष्टमीचा दिवस त्याने बदलत नाही, महाशिवरात्रीचा वा दिवाळीचाही नाही. मात्र ज्या व्रतांचा संबंध संपूर्ण महिन्याशी आहे त्यांचे दिवस बदलतात. २०२६ मध्ये हिंदी भाषकांचा सावन ३० जुलैस लागतो आणि त्यांचे सोमवार ३, १०, १७ व २४ ऑगस्टला येतात. आपला श्रावण १३ ऑगस्टला लागून आपले सोमवार १७, २४ व ३१ ऑगस्ट आणि ७ सप्टेंबर असे होतात. जयेंद्रगंजाजवळच्या अचलेश्वराच्या दर्शनास वृद्ध मंडळींना न्यावयाचे असेल, तर शेवटचे दोन सोमवार आपले श्रावणातले खरे, पण उत्तरेकडील सावन तोवर संपलेला, त्यामुळे रांग त्या मानाने सुसह्य; ही सोय दोन पंचांगांमध्ये राहणाऱ्यांनाच लाभते. तसेच नव्या सुनेची मंगळागौर १८ व २५ ऑगस्ट किंवा १ व ८ सप्टेंबर यांपैकी एका मंगळवारी करावी लागेल, आणि हे चारही दिवस कोणत्याही कचेरीच्या यादीत लाल नाहीत. तेव्हा जागरणाच्या दुसऱ्या दिवशीची अर्धी रजा कोणी काढावयाची, याचा निर्णय श्रावण लागण्यापूर्वीच झालेला बरा.

सण दरवर्षी मागे-पुढे का सरकतात हेही थोडक्यात समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण त्याने पुढील दोन-तीन वर्षांचाही अंदाज बांधता येतो. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षाहून अकरा दिवसांनी लहान. म्हणून आपला प्रत्येक सण आदल्या वर्षापेक्षा अकरा-बारा दिवस अलीकडे येत जातो, आणि सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास धरून ती तूट भरून काढली की सण एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. २०२६ हे तसे अधिक मासाचे वर्ष आहे: १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. मुसलमानी कालगणनेत अधिक मास नसल्यामुळे ईद आणि मोहरम ऋतुचक्रातून सतत अलीकडे सरकत राहतात, आणि त्यांची निश्चित तारीख चंद्रदर्शनावर अवलंबून असल्याने छापील यादीतील तारीख ऐनवेळी एका दिवसाने बदलण्याचा संभव नेहमीच असतो. २०२६ च्या यादीत मोहरम २६ जूनला, शुक्रवारी दाखविला आहे. त्या शुक्रवारास जोडून परगावचे न बदलता येणारे तिकीट काढणे शहाणपणाचे नाही. ग्वाल्हेरात मोहरमला एक वेगळे महत्त्वही आहे. बीडचे मन्सूरशाह यांना गुरुस्थानी मानणाऱ्या शिंदे घराण्याने या शहरात ताजियांची परंपरा सांभाळली, आणि त्या दिवसांत बाड्याकडील रस्त्यांचा बंदोबस्त पाहूनच घराबाहेर पडावे लागते.

अधिक मास म्हणजे आपल्याकडे धोंड्याचा महिना. लेकी-जावयांना बोलावून अनारशांचे वाण देण्याचा हा महिना या वर्षी नेमका शाळांच्या उन्हाळी सुट्टीत आला आहे, हा योग कुटुंबाच्या एकत्र येण्यास फार अनुकूल आहे. मात्र तो ग्वाल्हेरच्या प्रखर उन्हाळ्यातही आला आहे. मेच्या उत्तरार्धात येथे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास घुटमळतो आणि दुपारी लू वाहते, हे पुण्याच्या जावयास ऐकून ठाऊक असते, अनुभवून नसते. तेव्हा पाहुण्यांना बोलवावे, अगत्याने बोलवावे, पण दुपारचे सर्व कार्यक्रम घरात ठेवावेत, किल्ला दाखवायचा तो सकाळीच, आणि यजमानांनी आपली रजा या काळात फार खर्च करू नये. कारण पाहुणचार संध्याकाळी होतो आणि दुपारी सर्वांनी पडद्याआड विसावा घ्यावयाचा असतो. अधिक मासात लग्नकार्ये वर्ज्य असल्यामुळे मुहूर्तांची गर्दी १७ मेच्या आधी आणि १५ जूननंतर होणार, हेही लक्षात ठेवून प्रवासाच्या तारखा त्या मधल्या काळातच बसवाव्यात.

आता रजेच्या हिशोबाकडे वळतो, कारण खरे नुकसान येथेच होते. केंद्र सरकारच्या सेवकास वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात, राज्य शासनाच्या सेवकास तेरा. केंद्राच्या सेवकास यांखेरीज एका लांबलचक यादीतून आपल्या पसंतीच्या दोन सुट्ट्या घेता येतात, ज्यांना कचेरीत सर्रास आर. एच. म्हणतात, आणि अर्जित रजा वर्षाला तीस, त्यांपैकी पंधरा १ जानेवारीस आणि पंधरा १ जुलैस आगाऊ खात्यात जमा होतात, त्या तीनशेपर्यंत साठविता येतात. या रजांचे स्वभाव भिन्न आहेत. किरकोळ रजेच्या मध्ये रविवार किंवा सुट्टी आली तर ती रजेत मोजली जात नाही. अर्जित रजेच्या मध्ये आली तर मोजली जाते, मात्र आरंभीच्या आणि अखेरच्या सुट्ट्या परवानगीने रजेस जोडून घेता येतात व त्या खात्यातून वजा होत नाहीत. किरकोळ आणि अर्जित रजा एकमेकींस जोडता येत नाहीत, आर. एच. मात्र दोहोंसही जोडता येते.

हा नियम कागदावर रुक्ष वाटतो, परंतु येत्या दिवाळीला लावून पाहिला म्हणजे त्याचे महत्त्व कळते. २०२६ मध्ये धनत्रयोदशी शुक्रवारी ६ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन रविवारी ८ ला, पाडवा मंगळवारी १० ला आणि भाऊबीज बुधवारी ११ ला आहे. पाच दिवसांच्या आठवड्याच्या कचेरीतील मनुष्याने सोमवार ९ ते शुक्रवार १३ अशी पाच दिवसांची अर्जित रजा घेतली आणि आधीचे ७-८ व नंतरचे १४-१५ हे शनिवार-रविवार जोडून घेण्याची परवानगी मागितली, तर पाच रजांत नऊ दिवस मोकळे मिळतात. तोच मनुष्य धनत्रयोदशीच्या मोहाने शुक्रवार ६ पासून रजा सुरू करील, तर ७ व ८ हे दिवस आता मधले झाल्यामुळे तेही मोजले जातील आणि पाचांऐवजी आठ रजा वजा होतील. म्हणजे एका दिवसासाठी तीन दिवस खर्ची पडले. धनत्रयोदशीची पूजा संध्याकाळची असते. त्या दिवशी कचेरीत वेळेवर जाऊन वेळेवर घरी येणे हाच उत्तम मार्ग. ज्यांच्या लक्ष्मीपूजनाची सुट्टी या वर्षी रविवाराने गिळली आहे, त्यांनी त्याचा खेद न करता सोमवारच्या त्या रिकाम्या दिवसाचा विचार आधी करावा, कारण लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांमध्ये आलेला तो भाकड दिवस घरातील कोणाच्याच यादीत नसण्याचा संभव आहे.

गणपतीच्या आठवड्याची मांडणी याहूनही सोयीची आहे. चतुर्थी सोमवारी १४ सप्टेंबरला आहे आणि गौरी त्याच आठवड्यात येतात. गौरींचे आवाहन, पूजन आणि विसर्जन अनुक्रमे अनुराधा, ज्येष्ठा व मूळ या नक्षत्रांवर होत असल्यामुळे त्यांची तारीख तिथीवरून न ठरविता पंचांगात पाहूनच लिहावी. केंद्रातील सेवकाने चतुर्थीस आर. एच. घेऊन १५ ते १८ अशी चार दिवसांची अर्जित रजा घेतली, तर १२ ते २० सप्टेंबर असे नऊ दिवस त्याला मिळतील. बँकेतील सुनेची गोष्ट वेगळी आहे: १२ तारीख दुसरा शनिवार असल्याने तिला मोकळी, पण १९ तारीख तिसरा शनिवार असल्याने कामाची. घरच्या गौरी जिच्या हातून बसतात तिचाच शनिवार कामाचा असावा, ही अडचण आधी दिसली तर सोडविता येते, आदल्या दिवशी दिसली तर नाही.

पसंतीच्या दोन दिवसांपैकी एक चतुर्थीस गेला. दुसरा मी निःसंकोचपणे गुढीपाडव्यास द्यावा असे म्हणेन. पाडवा १९ मार्चला, गुरुवारी आहे, आणि शुक्रवारी एक किरकोळ रजा घेतली तर रविवारपर्यंत चार दिवस मिळतात, मात्र मार्चअखेर जवळ असल्यामुळे लेखाविभागातील मंडळींनी या शुक्रवारची आशा धरू नये. दसरा मंगळवारी २० ऑक्टोबरला असून सोमवारच्या एका रजेने पुन्हा चार दिवस साधतात. आणि ते चार दिवस ग्वाल्हेर सोडून कोठेही जाऊ नये, असा माझा आग्रह आहे. गोरखीतील देवघराची पूजा, मांढरे की माता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देवीपाशी होणारे शमीपूजन आणि त्यानंतर घरोघरी सोने देण्यासाठी चालणारी संध्याकाळची ये-जा, हे सारे येथील मराठी समाजाच्या स्मृतीचा भाग आहे. मुलांनी ते पाहावे, वडीलधाऱ्यांच्या पाया पडावे आणि कोणाचे घर कोठे आहे हे ओळखून ठेवावे, यासाठी रजेचा एक दिवस खर्ची घालणे मला मुळीच जास्त वाटत नाही. लाल तारीख सर्वांची असते, आणि म्हणूनच त्या दिवशी गाड्या, धर्मशाळा आणि रस्ते सर्वांचे असतात. आपल्या खात्यातील रजा मात्र आपली, आणि ती प्रथम आपल्या सणांना, आपल्या माणसांना द्यावी, उरेल ती प्रवासास.

प्रवासाचे दोन प्रकार करावेत. महाराष्ट्राकडे जावयाचे असेल तर पंजाब मेल, झेलम किंवा गोवा एक्सप्रेस या गाड्या आपल्या परिचयाच्या आहेत. १९१२ साली सुरू झालेली पंजाब मेल तर किती पिढ्यांना माहेरी घेऊन गेली असेल! परंतु जाण्यात एक रात्र आणि दिवसाचा मोठा भाग, येण्यातही तेवढाच, असा हिशोब असल्यामुळे तीन दिवसांच्या जोडसुट्टीत पुण्यास जाऊन येणे म्हणजे आप्तांच्या दारात उभे राहून परत फिरणे होय. सलग आठ-नऊ दिवस हाती असतील तेव्हाच तिकडची वाट धरावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षणाची मुदत एकशेवीस दिवसांवरून साठ दिवसांवर आली आहे. त्यामुळे ६ नोव्हेंबरच्या रात्री दिवाळीसाठी निघणाऱ्याचे आरक्षण ७ सप्टेंबरला सकाळी आठ वाजता उघडेल, म्हणजे घरी गणपतीची आरास चालू असतानाच. यातही एक बारकावा आहे: ही मुदत गाडी आपल्या मूळ स्थानकाहून ज्या तारखेस सुटते त्या तारखेपासून मोजतात, फिरोजपूरहून रात्री निघून ग्वाल्हेरास दुसऱ्या दिवशी येणाऱ्या गाडीचे आरक्षण त्यामुळे आपल्या हिशोबापेक्षा एक दिवस आधीच खुले होते, आणि पुष्कळांची गाठ प्रतीक्षायादीशी पडते ती या एका दिवसामुळे. रजेचा अर्ज म्हणूनच तिकिटाच्या आधी द्यावा, निदान तोंडी संमती तरी त्यापूर्वी मिळवून ठेवावी.

हिवाळ्याच्या प्रवासाबाबत स्वतंत्र इशारा दिला पाहिजे. नाताळ ते संक्रांत या काळात दिल्लीकडील सपाट प्रदेशात धुके इतके दाट पडते की तिकडून येणाऱ्या गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. दक्षिणेकडे जाणारी आपली गाडी त्या धुक्यातून वाट काढीत ग्वाल्हेरास येते, म्हणून विलंब जाताना अधिक सोसावा लागतो. परतीच्या गाडीला धुके शेवटच्या टप्प्यात भेटते. पुढे लग्नमुहूर्त किंवा विमान गाठावयाचे असेल तर जाण्याच्या बाजूस एक पूर्ण दिवस राखून ठेवावा, आणि शक्य असेल तर हा काळ प्रवासासाठी निवडूच नये. त्यापेक्षा पाहुण्यांनाच इकडे बोलवावे: डिसेंबरात हजिऱ्याजवळ तानसेनाच्या समाधीपाशी संगीत समारोह असतो, महिनाअखेरीस माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला मेळा भरू लागतो, आणि गजक-रेवड्यांचे दिवसही तेच.

जवळच्या सहलींना मात्र जोडसुट्ट्या उत्तम. २०२६ मध्ये केंद्राच्या यादीतील सहा सुट्ट्या शुक्रवारी आल्या आहेत: गुड फ्रायडे ३ एप्रिल, बुद्धपौर्णिमा १ मे, मोहरम २६ जून, जन्माष्टमी ४ सप्टेंबर, गांधी जयंती २ ऑक्टोबर आणि नाताळ २५ डिसेंबर; शिवाय २६ जानेवारी सोमवारी आहे. शुक्रवारची सुट्टी मिळाली की ग्वाल्हेरकरांच्या मनात पहिला विचार आग्र्याचा येतो, आणि ताजमहाल शुक्रवारी बंद असतो हे पाहुण्यांसह दारात पोहोचल्यावर आठवते. आग्रा करावयाचा तर शनिवारी. शुक्रवार दतियाच्या पीतांबरा पीठास, सोनागिरीच्या जैन मंदिरांस किंवा मुरैना जिल्ह्यातील मितावली, पढावली व बटेश्वर यांस द्यावा. यांतील शेवटची तीन स्थळे सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर असूनही आपल्यापैकी कितीतरी जणांनी अद्याप पाहिलेली नाहीत, याचे मला वाईट वाटते. ओरछा आणि शिवपुरी यांस मुक्काम हवा. शिवपुरीच्या छत्र्या संध्याकाळी पाहाव्यात. या स्थळांना २६ जानेवारी आणि २ ऑक्टोबरचे दिवस हवामानाच्या दृष्टीने योग्य आहेत. १ मे किंवा २६ जून नव्हेत.

रजेचा विचार करताना कचेरीतील शेजाऱ्याचा विचार सुटता कामा नये. आज रविवार आपल्याला निसर्गनियमासारखा वाटतो, परंतु मुंबईच्या गिरणी कामगारांना तो मिळावा म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, आणि १० जून १८९० हा दिवस त्या यशाचा म्हणून आपण स्मरतो. सुट्टी ही अशी सामुदायिक प्रयत्नाने मिळालेली वस्तू असल्यामुळे ती वाटून घेण्याची रीतही सामुदायिक असावी. ईदेच्या आदल्या-नंतरच्या दिवशी मुसलमान सहकाऱ्याचे टेबल आपण सांभाळावे, नाताळात ख्रिस्ती भगिनीचे. गौरींच्या दिवशी ते आपले सांभाळतील. ज्या विभागात जानेवारीतच चार माणसे बसून हा बदलाबदलीचा तपशील ठरवितात, तेथे साहेबांना रजा नामंजूर करण्याचे कारणच उरत नाही. घरी भांडी-धुणे करणाऱ्या बाईंचे आणि दाल बाजारातील दुकानावर काम करणाऱ्या मुलाचे नाव तर कोणत्याच यादीत नसते. होळीचे दोन दिवस, दिवाळीचे तीन दिवस आणि गावी जाण्याची मुदत त्यांना विचारून त्या मोठ्या कागदावर लिहावी, आणि त्या दिवसांचे पैसे कापू नयेत. त्यांची सुट्टी आपल्या सुट्टीच्याच दिवशी पडणार, म्हणजे त्या दिवशीचे काम घरातील कोणी करावयाचे हेही आधी ठरवावे लागेल, आणि ते नेहमी सुनेनेच असे गृहीत धरू नये.

किरकोळ रजांपैकी निदान चार वर्षाच्या मध्यापर्यंत हात न लावता ठेवाव्यात. आजारपण, शाळेतील बोलावणे, वृद्धांची तपासणी, एखाद्याच्या अंत्ययात्रेस जाणे, ही कारणे दिनदर्शिकेत छापलेली नसतात. वर सांगितलेला पाडवा, गणपती, दसरा आणि दिवाळी असा चारही सणांचा बेत पूर्ण केला, तरी केंद्रातील सेवकाच्या दोन किरकोळ, दोन पसंतीच्या आणि नऊ अर्जित रजा खर्च होतात, म्हणजे सहा किरकोळ आणि त्या वर्षीच्या एकवीस अर्जित रजा शिल्लक राहतात. ज्यांचे खाते तीनशेच्या मर्यादेजवळ पोहोचले आहे त्यांनी मात्र साठविण्याचा हट्ट धरू नये.

अर्ज लिहिताना चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: रजेची पहिली व शेवटची तारीख, आधी आणि नंतर जोडावयाच्या सुट्ट्यांच्या तारखा वेगळ्या लिहून त्या जोडण्याची परवानगी, परगावी जाणार असल्यास मुख्यालय सोडण्याची परवानगी, जी केवळ सुट्टीच्या दिवसांत जातानाही शासकीय सेवकास घ्यावी लागते आणि जी मागण्याचे पुष्कळांना स्मरत नाही, आणि रजेच्या काळातील पत्ता व दूरध्वनी. अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्यावा, सणाच्या दिवसांसाठी महिनाभर आधी, आणि मंजुरीचा हुकूम हाती आल्यावर त्याची प्रत घरी ठेवावी. परतताना गाडी उशिरा झाली आणि रुजू होण्यास दिवस लागला, तर ती प्रत आणि तिकीट एकत्र जोडून कैफियत देता येते.